भूगर्भातील धनाचा हिशेब

फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातील सोनभद्र जिल्ह्यात सुमारे तीन हजार टन सोने सापडल्याची वार्ता देशभर पसरली. रिझर्व्ह बँकेपाशी त्या वेळी असलेल्या सोन्याच्या जवळजवळ पाचपट सोने एका जिल्ह्याच्या टेकड्यांत दडलेले आहे, त्याची किंमत अमुक लाख कोटी रुपये होते, असे हिशेब चौकाचौकात मांडले गेले. एकदोन दिवसांतच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने खुलासा केला. सापडले होते ते सोने नव्हते, सोनेयुक्त खडक होता. त्याचा अंदाजी साठा सुमारे ५२,८०६ टन, आणि दर टनामागे त्यात सोन्याचे प्रमाण ३.०३ ग्रॅम. गुणाकार केला तर सारे मिळून सोने भरते १६० किलो. तेही खडक खणून, फोडून आणि दळून, शिवाय शुद्धीकरणात होणारी घट सोसून मिळायचे. ‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ या म्हणीचा याहून चपखल दाखला शोधूनही सापडणार नाही.

हा प्रसंग हसण्यावारी नेता येईल. तथापि त्यातील चूक एका जिल्ह्यापुरती वा एका वार्तेपुरती नाही. देशाच्या खनिजसंपत्तीविषयी सार्वजनिक जीवनात जे बोलले जाते त्यातील पुष्कळसे याच मासल्याचे असते. खडकाला धातू समजणे, अंदाजाला साठा समजणे आणि बाजारभावाला मोल समजणे, अशा तीन गल्लती एकदम होतात. चौथी गल्लत यांहून गंभीर असून ती अंदाजपत्रकांत दरसाल घडते. विकलेल्या मालमत्तेची किंमत तेथे उत्पन्न म्हणून जमा धरली जाते. या चौथ्या गल्लतीची किंमत आज शाळेत बसलेल्या मुलांना पुढे मोजावी लागणार असल्यामुळे हा विषय केवळ भूगर्भशास्त्रज्ञांवर आणि खाणमालकांवर सोपवून चालणार नाही.

साठा म्हणजे काय?

जमिनीखाली किती खनिज आहे हा प्रश्न वरकरणी वजनाचा वाटतो. वस्तुतः तो ज्ञानाचा आणि अर्थकारणाचा प्रश्न आहे. भारतात शोधकार्याच्या चार पायऱ्या मानल्या जातात. प्राथमिक टेहळणी ही चौथी, प्रारंभिक शोध ही तिसरी, सर्वसाधारण शोध ही दुसरी व तपशीलवार शोध ही पहिली. पायरी जसजशी वर जाते तसतशी वेधनछिद्रे दाट होतात, नमुन्यांची तपासणी वाढते आणि अंदाजातील अनिश्चितता कमी होते. शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या ज्या वर्गीकरणाचा भारताने स्वीकार केला आहे, त्यानुसार केवळ भूगर्भीय खात्री पुरेशी नसते. खनिज काढणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे काय आणि ते परवडणारे आहे काय, हे आणखी दोन प्रश्न विचारले जातात. या तिन्ही कसोट्यांना जो भाग उतरतो तोच ‘राखीव साठा’. उरलेला तो निव्वळ ‘साधनसाठा’, म्हणजे आज असलेला पण आज न परवडणारा किंवा पुरता न उमगलेला.

जम्मू-काश्मीरमधील रियासी जिल्ह्यात ५९ लाख टन लिथियम असल्याची घोषणा फेब्रुवारी २०२३ मध्ये झाली. तेथेही आकडा लिथियमयुक्त खनिजाचा होता, धातूचा नव्हता. आणि शोधकार्य तिसऱ्या पायरीवरच होते. देश लिथियमच्या बाबतीत स्वयंपूर्ण होणार, अशी भाषा मात्र तत्काळ सुरू झाली. त्या साठ्याचा लिलाव पुकारण्यात आला तेव्हा पुरेसे पात्र बोलीदार पुढे न आल्यामुळे तो मार्च २०२४ मध्ये रद्द करावा लागला. दरम्यान लिथियमचे जागतिक भाव २०२२ च्या अखेरच्या उच्चांकावरून तीन-चतुर्थांशाहून अधिक उतरले होते. भूगर्भातील एक कणही हलला नव्हता. पण त्या कणांचे मोल निम्म्याहून कमी झाले होते.

याच्या उलट घडल्याचीही उदाहरणे आहेत. १९७० साली जगातील तांब्याचे ज्ञात राखीव साठे सुमारे २८ कोटी टन होते. पुढील पन्नास वर्षांत जगाने ५० कोटी टनांहून अधिक तांबे खणून काढले. एवढे करून २०२० साली राखीव साठे उरले सुमारे ८७ कोटी टन! पृथ्वीने या काळात नवे तांबे निर्माण केले नाही. नवे शोध लागले, हलक्या प्रतीच्या खनिजातून धातू काढण्याची तंत्रे आली, आणि भाव वाढल्याने जे परवडत नव्हते ते परवडू लागले. भारतातील लोहखनिजाचे उदाहरणही असेच. ५५ टक्क्यांहून कमी लोह असलेले हेमॅटाइट पूर्वी हिशेबातच धरले जात नसे. २००९ साली ही मर्यादा ४५ टक्क्यांवर आणली गेली. त्याबरोबर काल जी खाणीतील टाकाऊ माती होती ती आज राष्ट्राची संपत्ती ठरली.

कोलारची गोष्ट सर्वपरिचित आहे. एका शतकाहून अधिक काळ चालून, तीन किलोमीटरांहून खोल गेलेल्या तेथील सोन्याच्या खाणी २००१ साली बंद झाल्या. त्या वेळी जागतिक बाजारात सोन्याचा भाव औंसाला ३०० डॉलरच्या आत होता. २०२० मध्ये तो २००० डॉलरच्या वर गेला. ज्या गाळाच्या टेकड्या कोलारच्या रहिवाशांना केवळ धुळीचा उपद्रव वाटत होत्या, त्यांतूनच पुन्हा सोने काढण्याच्या योजना मग पुढे आल्या. तात्पर्य, राखीव साठा ही निसर्गाने ठरवून दिलेली राशी नव्हे. भाव, तंत्र आणि ज्ञान या तिन्हींच्या बदलत्या रेषा जेथे छेदतात तेथे तो ठरतो. म्हणून ‘देशात अमुक टन खनिज आहे’ या विधानाला तारीख आणि भाव जोडलेला नसेल तर ते अपुरे असते.

किंमत आणि मोल

साठ्याचा आकडा विश्वसनीय आहे असे धरून चालले तरी पुढची अडचण उभी राहते. टनांना बाजारभावाने गुणले की संपत्तीचे मोल निघते, हा समज फार रूढ आहे. पण बाजारात मिळणारा भाव हा बंदरावर किंवा कारखान्याच्या दारात पोचलेल्या खनिजाचा असतो, डोंगराच्या पोटातील खनिजाचा नव्हे. दोहोंच्या मधे मजुरांचे वेतन, यंत्रसामग्री, इंधन, वाहतूक आणि उद्योजकाने गुंतवलेल्या भांडवलावरील वाजवी परतावा येतो. हे सर्व वजा केल्यावर जे शिल्लक राहते तेवढेच मुळात भूगर्भाचे देणे. रिकार्डोने सुपीक जमिनीच्या संदर्भात ज्याला ‘खंड’ म्हटले, त्याचीच ही खनिजातील आवृत्ती. कोणाच्या श्रमाने किंवा भांडवलाने तो निर्माण होत नसल्यामुळे तो मालकाचा. आणि मालक म्हणजे अखेर समाज.

एक कल्पित उदाहरण घेतल्यास हा फरक केवढा आहे ते कळेल. एका खाणीत १० कोटी टन खनिज आहे आणि टनाचा भाव ४,००० रुपये आहे असे समजू. ढोबळ गुणाकाराने ही संपत्ती ४०,००० कोटी रुपयांची दिसते. परंतु टनामागे २,५०० रुपये खर्च आणि ५०० रुपये भांडवलावरील वाजवी परतावा धरला तर खंड उरतो १,००० रुपये, म्हणजे एकंदर १०,००० कोटी. मथळ्यातील आकडा एका फटक्यात चौथाईवर आला. आता भाव केवळ एक-अष्टमांशाने, म्हणजे ५०० रुपयांनी उतरला असे धरू. खर्च तेवढाच राहिल्यामुळे खंड निम्मा होतो. भाव एक-चतुर्थांशाने उतरला तर खंड शून्य होतो आणि कागदोपत्री कोट्यवधींची असलेली खाण अर्थशास्त्राच्या दृष्टीने साधा डोंगर ठरते. बाजारभावातील लहान हेलकावा खनिजाच्या मोलात मोठी लाट होऊन उमटतो तो असा.

काळाचे माप

एवढ्यानेही हिशेब पुरा होत नाही. १० कोटी टन एका दिवसात निघत नाहीत. वर्षाला ५० लाख टन काढले तर खाण वीस वर्षे चालेल आणि दरसाल ५०० कोटी रुपयांचा खंड हाती येईल. वीस वर्षांनी मिळणारा रुपया आजच्या रुपयाच्या बरोबरीचा नसतो, हे बँकेत मुदत ठेव ठेवणारा कोणीही जाणतो. म्हणून भावी उत्पन्नाचे वर्तमान मूल्य काढावे लागते. व्याजाचा दर ४ टक्के धरला तर या खाणीचे आजचे मोल सुमारे ६,८०० कोटी होते. ८ टक्के धरला तर सुमारे ४,९०० कोटी, आणि १२ टक्के धरला तर सुमारे ३,७०० कोटी. डोंगर तोच, खनिज तेच, भावही तोच. केवळ व्याजाचा दर बदलला आणि मोल जवळजवळ निम्म्यावर आले.

हा दर निवडणे म्हणजे निव्वळ अंकगणित नव्हे. दर जितका चढा तितकी उद्याच्या पिढीची गरज आजच्या डोळ्यांना लहान दिसते. खाजगी खाणमालक बाजारातील चढ्या व्याजाने हिशेब करतो. त्याच्या दृष्टीने खनिज लवकर काढून पैसा दुसरीकडे लावणे फायद्याचे असते. पट्ट्याची मुदत संपत आली असेल तर घाई आणखीच वाढते. समाजाला मुदत नसते, म्हणून समाजाने वापरावयाचा दर खालचा असावा असे अनेक अर्थशास्त्रज्ञ मानतात. हॅरल्ड हॉटेलिंग यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या विषयाचा पाया घातला. जमिनीत ठेवलेल्या खनिजाचा निव्वळ भाव जर व्याजाच्या गतीने वाढत असेल तर मालकाला ते आज काढणे आणि उद्या काढणे सारखेच, हे त्यांनी दाखवून दिले. प्रत्यक्षातील भाव या सूत्राप्रमाणे सरळ रेषेत चालत नाहीत. ते वर्षानुवर्षे पडून राहतात आणि मग अकस्मात उसळतात. परंतु सूत्रामागील दृष्टी टिकून आहे. ती अशी की, जमिनीतील खनिज ही एक ठेव आहे आणि ती केव्हा मोडावी हा विवेकाचा प्रश्न आहे.

उत्पन्न की भांडवल?

येथेच ती चौथी आणि सर्वांत महाग पडणारी गल्लत येते. एखाद्या कारकुनाने भविष्यनिर्वाह निधीतून दरसाल रक्कम काढावी आणि ती पगारात मिळवून घरखर्च चालवावा, असे झाले तर त्याचे राहणीमान काही काळ सुधारलेले दिसेल. शेजारी त्याचा हेवाही करतील. पण त्याचे उत्पन्न वाढले असे कोणी जाणता मनुष्य म्हणणार नाही. जे. आर. हिक्स यांनी १९३९ साली उत्पन्नाची जी व्याख्या केली तिचा आशय हाच आहे. कालावधीच्या आरंभी मनुष्य जितका सधन होता तितकाच अखेरीस राहून जास्तीत जास्त जेवढे खर्च करू शकतो, तेवढेच त्याचे उत्पन्न. त्यापलीकडचा खर्च म्हणजे मुद्दलाला हात.

राज्यांच्या अंदाजपत्रकांत मात्र खनिजावरील स्वामित्वधन महसुली जमेत मांडले जाते. सरकारने सार्वजनिक कंपनीचे भाग विकले तर ती भांडवली जमा. पण सरकारच्या मालकीचा डोंगर टनावारी विकला तर ते करेतर उत्पन्न! पहिल्या व्यवहारावर संसदेत आणि वृत्तपत्रांत ‘घरचे दागिने विकले’ म्हणून टीका होते, तर दुसऱ्याबद्दल महसूल वाढला म्हणून अभिनंदन होते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने जुलै २०२४ मध्ये आठ विरुद्ध एक अशा बहुमताने स्वामित्वधन हा कर नाही असा निर्णय दिला. खनिज काढण्याच्या अधिकारापोटी पट्टेदाराने मालकाला द्यावयाचा तो मोबदला आहे, असे न्यायालयाने मानले. जो मोबदला मालमत्ता देऊन मिळाला त्याची जागा महसुलात असावी काय, हा पुढचा प्रश्न ओघानेच येतो.

जागतिक बँकेतील अर्थशास्त्रज्ञ सलाह अल सेराफी यांनी १९८९ साली यावर एक व्यवहार्य तोड सुचविली. खनिजापासून मिळणाऱ्या निव्वळ रकमेचे दोन भाग करावेत. एक भाग असा की, तो दरसाल व्याजी लावला तर खाण संपल्यावरही तेवढाच खर्च कायम करता यावा. उरलेला भाग हे खरे उत्पन्न, आणि पहिला भाग म्हणजे मुद्दलाची भरपाई. वीस वर्षे पुरणारी खाण आणि ५ टक्के व्याज धरले तर या सूत्राने सुमारे ६४ टक्के रक्कम उत्पन्न ठरते व ३६ टक्के बाजूला टाकावी लागते. वरील खाणीच्या वार्षिक ५०० कोटींपैकी सुमारे ३२० कोटी खर्चावेत आणि १८० कोटी जपावेत, असा त्याचा अर्थ. खाण दहाच वर्षे पुरणार असेल तर जपावयाचा भाग ५८ टक्क्यांवर जातो. आयुष्य कमी तेवढी बचत अधिक, ही गोष्ट निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या नोकरदाराला समजावून सांगावी लागत नाही.

नाउरूचा इतिहास हे सूत्र न पाळणाऱ्यांसाठी आहे. पॅसिफिक महासागरातील अवघ्या २१ चौरस किलोमीटरच्या या बेटावर उत्तम प्रतीचे फॉस्फेट होते. विसाव्या शतकाच्या आरंभापासून ते परक्यांनी खणले आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व ब्रिटनच्या शेतांवर स्वस्तात पसरले. १९६८ साली स्वातंत्र्य मिळाल्यावर नाउरूवासीयांनी उद्योग ताब्यात घेतला आणि १९७० च्या दशकात दरडोई उत्पन्नात हे बेट जगातील अत्यंत सधन देशांत गणले जाऊ लागले. पैसा साठविण्यासाठी न्यासही स्थापन झाला. मेलबर्नमध्ये ५२ मजली इमारत उभी राहिली. पण न्यासाच्या पैशाची उधळपट्टी झाली, त्याच्या तारणावर कर्जे काढली गेली आणि २००४ साली ती इमारतही विकावी लागली. फॉस्फेट जवळजवळ संपले आणि बेटाचा सुमारे चार-पंचमांश भाग ओबडधोबड चुनखडीच्या सुळक्यांचे उजाड रान होऊन बसला. ज्या वर्षांत राष्ट्रीय उत्पन्नाचे आकडे नाउरूला श्रीमंत म्हणत होते, नेमक्या त्याच वर्षांत ते बेट दरिद्री होत होते. आकडे खोटे नव्हते. ते फक्त एकाच बाजूचे होते.

उलट बाजूस बोट्स्वाना आहे. स्वातंत्र्यानंतर वर्षभरात, १९६७ साली, तेथे ओरापा येथे हिऱ्यांची खाण सापडली. खनिजाचा पैसा शाळा, आरोग्य, रस्ते अशा विकासखर्चासाठी आणि चालू खर्च इतर उत्पन्नातून, असा दंडक त्या राष्ट्राने स्वतःला घालून घेतला. तो प्रत्येक वर्षी तंतोतंत पाळला गेला नाही, पण निदान मोजपट्टी हाताशी राहिली. नॉर्वेने खनिज तेलाचा पैसा १९९६ पासून वेगळ्या निधीत टाकला आणि त्याच्या अपेक्षित परताव्याएवढाच खर्च करण्याचे बंधन स्वीकारले.

गोव्याचा धडा

एवढ्या दूर जाण्याचेही कारण नाही. गोव्यात पोर्तुगीज राजवटीने खाणींच्या सवलती वाटल्या आणि १९५० च्या दशकापासून डिचोली, सत्तरी, सांगे भागांतील लोहखनिज मांडवी-जुवारीतून बार्जेसनी मुरगावच्या बंदरात आणि तेथून मुख्यतः जपानला जाऊ लागले. मुक्तीनंतरही त्या सवलती चालू राहिल्या. १९८७ च्या कायद्याने त्यांचे पट्ट्यांत रूपांतर झाले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी चीनच्या पोलाद कारखान्यांची भूक वाढली आणि ज्या हलक्या मातीला पूर्वी गिऱ्हाईक नव्हते तीही बोटीत चढू लागली. २०१०-११ मध्ये गोव्याची निर्यात सुमारे ५ कोटी टनांवर गेली.

या काळात मालकाला, म्हणजे जनतेला, काय मिळत होते? ऑगस्ट २००९ पर्यंत लोहखनिजावरील स्वामित्वधन प्रतवारीनुसार टनाला फार तर २७ रुपये होते. हलक्या प्रतीला त्याहूनही बरेच कमी. चीनच्या बंदरात चांगल्या प्रतीच्या खनिजाचा भाव २००७-०८ मध्ये टनाला शंभर डॉलरच्या पलीकडे गेला असताना ही अवस्था होती. गोव्याचे खनिज हलके, त्याला भाव कमी, वाहतुकीचा खर्च मोठा, हे सर्व धरूनही खंडाचा केवढा भाग मालकाच्या हातून निसटत होता याची कल्पना यावरून येते. पुढे स्वामित्वधन मूल्याच्या १० टक्के आणि २०१४ पासून १५ टक्के झाले, तोवर तेजीची सर्वोत्तम वर्षे निघून गेली होती.

न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये मांडला गेला. बेकायदा उत्खननाने झालेले नुकसान त्याने सुमारे ३५ हजार कोटी रुपये सांगितले. या आकड्यावर पुष्कळ वाद झाला. त्या वादाचे मूळ अखेर मोजमापातच होते. काय बेकायदा धरावे, कोणता भाव धरावा, खर्च वजा करावा की करू नये? राज्याच्या हाती आपल्याच खनिजाचा सर्वमान्य ताळेबंद असता तर या वादाची व्याप्ती बरीच आटोपली असती. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ च्या निकालात वार्षिक उत्खननावर २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि खनिजाच्या विक्रीतील १० टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत टाकण्याचा आदेश दिला. लोहखनिज संपल्यावरही त्याचे काही मोल भावी गोमंतकीयांसाठी शिल्लक राहावे, ही कल्पना या देशात न्यायालयाच्या आदेशाने प्रथमच मूर्त झाली.

परंतु गोव्याने दुसराही धडा दिला आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द होऊन खाणी बंद झाल्या तेव्हा कर्ज काढून ट्रक घेतलेले, बार्जवर काम करणारे, खाणीच्या आसऱ्याने दुकाने थाटलेले सामान्य लोक उघड्यावर आले. भातशेतीत आलेला गाळ, आटलेल्या विहिरी आणि रस्त्यावरची लाल धूळ हा ज्यांच्या वाट्याचा खर्च होता, त्यांनाही त्याची भरपाई तेजीच्या काळात मिळाली नव्हती. खंडाच्या हिशेबात खाणमालकाच्या वहीतील खर्च तेवढा वजा होतो. शेतकऱ्याच्या बांधावर पडलेला खर्च कोणाच्याच वहीत नसतो. तो वजा केल्यावाचून खनिजाचे सामाजिक मोल निघत नाही. तो वजा केल्यास काही खाणींचे मोल उणेही निघेल, हे मान्य करण्याची तयारी हवी.

ताळेबंदाची दिशा

आक्षेप असा घेतला जाईल की, गरीब देशाला भावी पिढ्यांसाठी पैसा साठविण्याची चैन परवडत नाही. आजचे मूल उपाशी असताना उद्याच्या मुलासाठी निधी कशाला? आक्षेपात तथ्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. मुद्दल जपणे म्हणजे ते परदेशी रोख्यांतच अडकवणे नव्हे. जॉन हार्टविक यांनी १९७७ साली मांडलेल्या नियमाचा मथितार्थ एवढाच की, खनिजाचा खंड उपभोगात न घालता दुसऱ्या प्रकारच्या भांडवलात घालावा. धरण, प्रयोगशाळा, आणि चांगली शाळा हेही भांडवलच. जे करू नये ते हे की, डोंगर विकून आलेला पैसा दैनंदिन खर्चाची तूट भरण्यात जिरवावा आणि त्याला विकास म्हणावे. २०१५ च्या कायदादुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली आणि स्वामित्वधनाच्या प्रमाणात ठरावीक रक्कम खाणग्रस्त भागांसाठी राखली गेली. केओंझर, सिंहभूम किंवा गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत या पैशातून काय उभे राहिले, हे पाहणे म्हणजेच मुद्दल कशात बदलले हे तपासणे.

मोजमापाच्या पद्धती आता अनुपलब्ध नाहीत. संयुक्त राष्ट्रांनी २०१२ साली पर्यावरण-आर्थिक लेख्यांची चौकट आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारली. आरंभीचा साठा, नवे शोध, फेरमूल्यांकन, उत्खनन आणि अखेरचा साठा असे तिचे सरळ रकाने आहेत. सर पार्थ दासगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१३ साली भारतासाठी हरित राष्ट्रीय लेख्यांचा आराखडा दिला. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२२ मध्ये राज्यांच्या खनिज व ऊर्जासाधनांची लेखी संकलित केली. २०१९ च्या राष्ट्रीय खनिज धोरणाने राज्यसंस्था ही जनतेच्या वतीने खनिजांची विश्वस्त आहे, हे तत्त्व मान्य केले. आणि मार्च २०२५ मध्ये स्वीकारलेल्या राष्ट्रीय लेख्यांच्या नव्या जागतिक पद्धतीत नैसर्गिक साधनांचा क्षय हा उत्पादनाचा खर्च धरला आहे. अर्थात ढोबळ उत्पादनाचा आकडा यामुळे बदलणार नाही. बदलेल तो निव्वळ आकडा. म्हणून अर्थव्यवस्थेचे मोजमाप निव्वळ आकड्याने करण्याची सवय सरकारला आणि टीकाकारांनाही लावून घ्यावी लागेल.

ही लेखी अंदाजपत्रकापासून अलग, ग्रंथालयाच्या कपाटात राहिली तर त्यांचा उपयोग नाही. प्रत्येक खनिजसंपन्न राज्याने अंदाजपत्रकाबरोबर एक पान जोडावे. वर्षाच्या आरंभी किती राखीव साठा होता, कोणत्या भावाने व कोणत्या व्याजदराने त्याचे मोल धरले, किती काढले, त्यातील खंड किती, त्यापैकी सरकारजमा किती झाला, आणि जमेतील किती भाग टिकाऊ भांडवलात गेला. भाव आणि दर गृहीत धरलेले असतील, म्हणून आकडा चुकेल, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. गृहीत उघड मांडले तर चूक दुरुस्त करता येते. आज तो आकडाच नसल्यामुळे चूक शून्याची होते आणि शून्य कोणाच्याच डोळ्यांत खुपत नाही.

खेड्यातील प्राथमिक शाळेतही डेडस्टॉक रजिस्टर असते. बाक मोडला, घंटा हरवली, नकाशा फाटला तरी त्याची नोंद करावी लागते आणि मुख्याध्यापक बदलून जाताना शिल्लक मोजून दिल्यावाचून त्यांची सुटका होत नाही. ज्या व्यवस्थेला बाकाचा हिशेब लागतो, तिने डोंगराचा हिशेब मागू नये हे विपरीत आहे. खनिज पुन्हा उगवत नाही. ते खणावे की ठेवावे यावर मतभेद राहतील, पण खणले तेवढ्याची नोंद आणि त्याच्या बदल्यात काय मिळाले याचा जाब, यावर मतभेदाला जागा नाही. सत्तांतराच्या वेळी जाणाऱ्या सरकारने येणाऱ्या सरकारला आणि एका पिढीने दुसऱ्या पिढीला द्यावयाची ती किमान पोचपावती आहे.